कोनाड्यामागची कोठी

दिवाळी अंक काढणाऱ्या एका संपादकबाईंचा फोन आला. "मुखपृष्ठाचं चित्र साइटवर टाकलं. मला दिसतंय. चित्रकाराला फोन केला, तर त्याला दिसत नाही. पान पुन्हा उघडलं तर मलाही दिसेना. तिसऱ्यांदा उघडलं तर आहे! अहो, हा काय भुताटकीचा प्रकार?"

साइट वर्डप्रेसवर होती. दिवाळीच्या आठवड्यात वाचक वाढतात, म्हणून तांत्रिक बाजू पाहणाऱ्या मुलाने एकाऐवजी दोन कंटेनर चालू केले होते. बाईंनी चित्र चढवलं तेव्हा ते त्यांतल्या एकाच्या पोटात जाऊन बसलं, दुसऱ्याला त्याचा पत्ताच नाही. पुढे ज्याची विनंती पहिल्याकडे जाईल त्याला चित्र दिसणार, दुसऱ्याकडे जाईल त्याला नाही. एवढीच भुताटकी.

त्यानंतर दोन दिवसांनी आणखी वाईट घडलं. पहिला कंटेनर काही कारणाने कोसळला, त्याच्या जागी आपोआप नवा उभा राहिला आणि चित्र कोणालाच दिसेनासं झालं.

१. लॉजची खोली

कंटेनर हा शब्द बंदरातून आला. २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ पेट्या घेऊन अमेरिकेतल्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं, आणि मालवाहतुकीचं गणित बदललं. पेटीत काय आहे हे क्रेनला कळावं लागत नाही. पेटीचं माप ठरलेलं असलं की पुरे. सॉफ्टवेअरवाल्यांनी हीच कल्पना उचलली. प्रोग्रॅम, त्याला लागणारी लायब्ररी, त्याच्या सेटिंग्ज असं सगळं एका गाठोड्यात बांधायचं आणि कुठल्याही यंत्रावर तसंच चालवायचं. बांधलेल्या गाठोड्याला इमेज म्हणतात आणि ते चालू केलं की झाला कंटेनर. २०१३ साली डॉकर आलं आणि ही पद्धत घरोघरी पोचली. पुढच्या वर्षी गूगलने कुबरनेटीस जाहीर केलं. ते शेकडो कंटेनरांवर देखरेख करतं: पडलेल्याच्या जागी नवा उभा करतं, गर्दी वाढली की संख्या वाढवतं.

पण बंदरावरून घेतलेल्या या नावाने एक गैरसमज होतो. जहाजावरच्या पेटीत ठेवलेला माल मुक्कामी पोचतो. सॉफ्टवेअरच्या कंटेनरमध्ये ठेवलेली वस्तू बहुधा पोचत नाही. तो कंटेनर लॉजच्या खोलीसारखा आहे. खोलीत पलंग, चादर, पाण्याचा जग हे सगळं आधीपासून असतं. तुम्ही टेबलावर चिठ्ठी लिहून ठेवलीत तर मुक्काम असेपर्यंत ती राहते. खोली सोडलीत की झाडून घेणारा ती उचलतो आणि पुढच्या पाहुण्याला खोली पुन्हा पहिल्यासारखी मिळते.

आतली रचना अशी. इमेज फक्त वाचता येते, तिच्यात बदल करता येत नाही. कंटेनर चालू होताना तिच्यावर एक कोरा थर अंथरला जातो, छापील नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवावा तसा. प्रोग्रॅम जे काही लिहितो ते त्या ट्रेसिंग पेपरवर उमटतं. वरून पाहणाऱ्याला नकाशा आणि त्यावरच्या रेघा एकत्रच दिसतात. तोच कंटेनर थांबवून पुन्हा सुरू केला तर रेघा शाबूत राहतात. काढून टाकून नवा केला तर कागद बदलतो. कुबरनेटीस दुरुस्तीच्या भानगडीत पडत नाही, ते सरळ नवा कंटेनर करतं. बाईंचं चित्र तिथे गेलं.

याला कोणी दोष म्हणेल. मला तो दोष वाटत नाही. दोनाचे वीस कंटेनर चुटकीसरशी करता येतात ते कुणाच्याही पोटात काही साठलेलं नसतं म्हणूनच. मात्र जे टिकायला हवं ते खोलीबाहेर ठेवायची सोय लागते, आणि खोल्या अनेक असतील तर ती जागा सगळ्यांची सामाईक असावी लागते.

२. माउंट म्हणजे काय चढवायचं?

जुन्या संगणकखोल्यांत डिस्क म्हणजे उचलून आणायची जड तबकडी असे. ऑपरेटर ती यंत्रावर चढवी, मग तिच्यातल्या फाइली वापरता येत. त्या हमालीचा शब्द युनिक्सच्या आज्ञेत राहिला: माउंट.

विंडोजवाल्यांना सी, डी अशी वेगवेगळी कपाटं पाहायची सवय असते. युनिक्स आणि लिनक्समध्ये घर एकच. नवी डिस्क आली की तिला वेगळं अक्षर मिळत नाही, घरातल्याच एखाद्या फोल्डरला ती मागून जोडली जाते. जुन्या वाड्यातला भिंतीतला कोनाडा आठवा. त्याची मागची भिंत फोडून पलीकडची कोठी जोडली, तर समोरून कोनाडा कोनाडाच दिसतो, पण हात आत घातला की तो कोठीत जातो. प्रोग्रॅमला हे कळतही नाही. त्याला 'अपलोड्स' नावाच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवायची एवढंच ठाऊक असतं. फाइल कंटेनरमध्ये पडली, त्याच यंत्राच्या डिस्कवर पडली की मुंबईतल्या कुठल्या डेटा सेंटरमध्ये पडली, याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. वर्डप्रेससारखा क्लाउडच्या खूप आधी, २००३ साली जन्मलेला प्रोग्रॅम एक ओळही न बदलता क्लाउडवर साठवण करू शकतो तो या कोनाड्यामुळे.

कोनाडा फोडणारा गवंडी मात्र कंटेनरच्या आत नसतो. ज्या यंत्रावर कंटेनर चालतो ते यंत्र आधी बाहेर माउंट करतं आणि मग ती जागा कंटेनरच्या आत दाखवतं. प्रत्येक कंटेनरला घराचा स्वतःचा वेगळा नकाशा देण्याची ही सोय लिनक्समध्ये २००२ सालीच आली होती. डॉकरने तिला दशकभराने कामाला लावलं.

एक खोड इथेच सांगून ठेवतो. कोठी जोडल्यावर कोनाड्यात आधीपासून ठेवलेल्या वस्तू झाकल्या जातात. त्या जात नाहीत, पण जोड असेपर्यंत दिसतही नाहीत. मी एकदा फक्त 'अपलोड्स'ऐवजी त्याच्या वरचा अख्खा फोल्डर माउंट केला होता. त्यात साइटची थीमही होती. कोठी नवी, म्हणजे रिकामी. साइट उघडली तर पांढरं पान. थीम कुणी पुसली हे शोधण्यात संध्याकाळ गेली. ती पुसलेली नव्हती, मीच तिच्यासमोर रिकामी कोठी आणून उभी केली होती. शिवाय हे घरच्या लॅपटॉपवर घडलं नव्हतं, कारण डॉकरचा स्वतःचा नाव दिलेला व्हॉल्यूम, म्हणजे साठवणीची जागा, रिकामा असेल तर डॉकर इमेजमधल्या फाइली त्यात आधी उतरवून देतं. कुबरनेटीस ही मेहेरबानी करत नाही.

३. डिस्क, टोकन की कोठी?

क्लाउड कंपन्या साठवणीची जागा तीन तऱ्हांनी देतात, आणि निम्मे घोटाळे चुकीची तऱ्हा निवडल्याने होतात.

पहिली ब्लॉक साठवण. ही म्हणजे कोरी डिस्क. ती एका यंत्राला जोडायची आणि त्याने आपल्या पद्धतीने तिच्यावर कप्पे पाडायचे. वेगवान, पण एकट्याची. तीच डिस्क दोन यंत्रांना साध्या पद्धतीने जोडली तर दोघंही आपापल्या समजुतीने कप्पे भरतात आणि थोड्याच वेळात सगळा विचका होतो.

दुसरी ऑब्जेक्ट साठवण. अमेझॉनचं एस-थ्री २००६ पासून चालू आहे, ते या जातीचं. हिला बसस्टँडवरची क्लोकरूम समजा. बॅग द्या, टोकन घ्या, टोकन दाखवा, बॅग परत. स्वस्त, प्रचंड, आणि कितीही जणांनी एकदम यावं. पण बॅग तिथेच उघडून त्यातला एक सदरा बदलता येत नाही. अख्खी बॅग बदलावी लागते. शिवाय प्रोग्रॅमला टोकनची भाषा यावी लागते. नव्याने लिहिलेल्या प्रोग्रॅमने फोटो इथेच ठेवावेत असं माझं मत आहे.

तिसरी फाइल साठवण, म्हणजे आपली सामाईक कोठी. फोल्डर, फाइली, परवानग्या, सगळं ओळखीचं, आणि अनेक यंत्रांनी एकाच वेळी वापरायचं. अमेझॉनचं ईएफएस, मायक्रोसॉफ्टचं अझ्युअर फाइल्स, गूगलचं फाइलस्टोअर ही याची रूपं. सहसा क्लोकरूमपेक्षा महाग पडते. पण जुना प्रोग्रॅम न बदलता अनेक कंटेनरांत चालवायचा असेल तर दुसरा सरळ मार्ग क्वचितच असतो.

४. कोठीपर्यंतची खेप

कोठी दूर असते, म्हणून तिच्याशी बोलायला ठरलेली भाषा लागते. लिनक्सच्या जगात ती एनएफएस. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने ती १९८४ मध्ये आणली. (ही कंपनी १९८२ साली कॅलिफोर्नियात ज्यांनी सुरू केली त्यांतले विनोद खोसला पुण्यात जन्मलेले. एवढाच आपला संबंध, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.) विंडोजच्या जगातली भाषा एसएमबी. ईएफएस एनएफएस बोलतं, अझ्युअर फाइल्सला दोन्ही येतात.

भाषा कोणतीही असो, प्रत्येक वेळी फाइल मागितली की निरोप जातो आणि उत्तर येतं. या खेपेचा वेळ हाच सामाईक साठवणीतला खरा खर्च. हिशेब करून पाहू. हिशेबापुरतं धरू की एका खेपेला २ मिलिसेकंद लागतात आणि यंत्राच्या आतल्या डिस्कला ०.१ मिलिसेकंद. वर्डप्रेसचं एक पान तयार व्हायला ४०० लहान पीएचपी फाइली उघडाव्या लागल्या, तर आतल्या डिस्कवर ४० मिलिसेकंद जातील आणि कोठीतून आणताना ८००. वाचकाला पाऊण सेकंदाची ढिलाई जाणवते. याउलट एकच मोठी व्हिडिओ फाइल आणायची असेल तर खेपा थोड्या आणि ओझं मोठं, त्यामुळे फारसं बिघडत नाही. बाजारातून एक पोतं आणायला एक खेप पुरते. चारशे पुड्या एकेक करून आणायच्या तर दिवस जाईल.

म्हणून प्रोग्रॅमच्या फाइली इमेजमध्येच राहू द्या, कोठीत फक्त लोकांनी चढवलेली चित्रं जाऊ द्या. अख्खी साइट कोठीत टाकून नंतर 'क्लाउड फार हळू आहे' म्हणणारे मी बरेच पाहिले.

५. अर्ज आणि मंजुरी

कुबरनेटीसमध्ये कंटेनर कोठीचा पत्ता थेट सांगत नाही. तो अर्ज करतो: मला दहा जीबी जागा हवी, अमुक प्रकारची, अशी वापरायची आहे. या अर्जाला पर्सिस्टंट व्हॉल्यूम क्लेम म्हणतात. व्यवस्था तो पाहून जागा शोधते किंवा क्लाउडकडून नवी मागवते आणि अर्जाला जोडून देते. कोठी कुणाची, कुठली, हे अर्जदाराला माहीत नसतं. त्यामुळे तोच अर्ज उद्या दुसऱ्या कंपनीच्या क्लाउडवरही चालतो.

अर्जात एक रकाना असतो, वापर कसा करणार याचा. त्यात बहुतेक जण अडखळतात. 'रीड-राइट-वन्स' या पर्यायाचं नाव वाचून वाटतं, एकाच कंटेनरने वापरायची जागा. तसं नाही. एका यंत्राने वापरायची जागा, असा त्याचा अर्थ. त्या एका यंत्रावर पाच कंटेनर असतील तर पाचही ती वापरू शकतात. म्हणूनच लॅपटॉपवर, जिथे यंत्र एकच, तिथे सगळं सुरळीत चालतं. क्लाउडवर दुसरा कंटेनर दुसऱ्या यंत्रावर गेला की 'ही जागा आधीच दुसरीकडे जोडलेली आहे' अशी तक्रार येते आणि कंटेनर तयार होता होता अडकून पडतो. संपादकबाईंच्या साइटला 'रीड-राइट-मेनी' हवं होतं: अनेक यंत्रं, सगळ्यांना वाचता-लिहिता. पण अर्जात तसं लिहून भागत नाही. ब्लॉक डिस्कवर फाइली ठेवायच्या असतील तर ती अशा अर्जाला नकारच देईल. मागची जागा फाइल साठवणीची असावी लागते. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

६. कोठी नाव विचारत नाही

एवढं सगळं जुळलं, कोनाडा जोडला गेला, फाइली दिसू लागल्या, आणि चित्र चढवताना निरोप आला: परवानगी नाही.

लिनक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्याला नाव असतं, पण यंत्र ओळखतं तो त्याचा क्रमांक. एकाच यंत्रावर असताना हा फरक कधी जाणवत नाही. कोठी मात्र नेटवर्कपलीकडे असते आणि एनएफएसच्या नेहमीच्या मांडणीत तिच्यापर्यंत क्रमांकच पोचतो. आता ही गंमत पाहा. वेबसर्व्हर चालवणाऱ्या वापरकर्त्याचं नाव डेबियन आणि अल्पाइन या लिनक्सच्या दोन्ही प्रकारांत सहसा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' असंच असतं. पण डेबियनमध्ये त्याचा क्रमांक ३३, अल्पाइनमध्ये ८२. डेबियनवर बांधलेल्या इमेजने वर्षभर चित्रं साठवली. मग कोणीतरी आकार लहान म्हणून अल्पाइनची इमेज आणली. कंटेनरच्या आत नाव तेच दिसतं, सगळं बरोबर वाटतं. कोठीच्या लेखी मात्र हा ८२ क्रमांकाचा परका माणूस, आणि सामान ३३ चं. जुनी चित्रं वाचायला मिळतात, नवं ठेवता येत नाही.

'मग रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता म्हणून, चालवू' हा घाईतला उपाय. एनएफएसचे अनेक सर्व्हर बाहेरून आलेल्या रूटचे अधिकार काढून त्याला कुणीही नसलेला वापरकर्ता मानतात, तेव्हा तोही बऱ्याचदा फसतो. चालला तरी वाईटच, कारण कंटेनरमध्ये घुसलेल्या चोराच्या हाती आपण कोठीची किल्ली दिलेली असते. शहाणपणाचा मार्ग म्हणजे कंटेनर कोणत्या क्रमांकाने चालेल हे स्वतः ठरवून लिहून ठेवायचं आणि कोठीतल्या फोल्डरची मालकी त्याच क्रमांकाला द्यायची. ईएफएसमध्ये ॲक्सेस पॉइंट नावाची सोय आहे. तिथून येणाऱ्या प्रत्येकाला ठरवून दिलेलाच क्रमांक आणि ठरलेलंच फोल्डर मिळतं.

७. दोन हात, एक वही

सामाईक म्हटलं की चाळीतल्या नळावरची भांडणं आलीच.

पहिली अडचण जुन्या बातमीची. दर वेळी कोठीपर्यंत जायला नको म्हणून प्रत्येक यंत्र आधी मिळालेली उत्तरं थोडा वेळ लक्षात ठेवतं. लिनक्समधल्या एनएफएसच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये फाइलची माहिती ३ ते ६० सेकंद आणि फोल्डरची ३० ते ६० सेकंद जुनी असू शकते. 'अशी फाइल नाही' हे उत्तरसुद्धा लक्षात ठेवलं जातं. म्हणजे कोठी बसवल्यावरही, चित्र चढण्याच्या क्षणभर आधी दुसऱ्या कंटेनरने ते मागितलं असेल तर पुढचा थोडा वेळ तो 'नाही'च म्हणत राहील. बाईंना मी हे आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर पुन्हा भुताटकीचा फोन आला असता. घाई असेल तर माउंट करताना फक्त 'आहे' हीच उत्तरं लक्षात ठेवायला सांगता येतं. खेपा थोड्या वाढतात, इतकंच.

दुसरी अडचण एकत्र लिहिण्याची. दोन कंटेनर एकाच नोंदवहीच्या, म्हणजे लॉग फाइलच्या, शेवटी ओळी जोडत असतील तर एनएफएसवर एकाची ओळ दुसऱ्याच्या ओळीवर पडू शकते, कारण शेवट कुठे आहे हे विचारणं आणि तिथे लिहिणं या दोन वेगळ्या पायऱ्या होतात. उपाय अगदी घरगुती: ज्याची त्याची वही वेगळी. प्रत्येक कंटेनरने स्वतःच्या नावाची फाइल करावी. जी फाइल इतर वाचणार आहेत ती आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहावी आणि मग तिचं नाव बदलावं. एकाच कोठीत नाव बदलणं एका झटक्यात होतं. वाचणाऱ्याला जुनी फाइल मिळते किंवा नवी, अर्धवट कधीच नाही.

आणि डेटाबेस या कोठीत ठेवू नका. सतत, बारीक, कुलपं लावून-काढून लिहिणं हा त्याचा स्वभाव, आणि नेटवर्कवरची कुलपं नेहमीच भरवशाची नसतात. एसक्यूलाइट हा डेटाबेस बनवणारे स्वतःच याबाबत सावध करतात. वर्डप्रेसचा डेटाबेस वेगळ्या सर्व्हरवर राहू द्या.

८. दार ठोठावून उत्तर नाही

पहिल्यांदा माउंट करणाऱ्यांना बऱ्याचदा चूक दाखवणारा निरोप मिळतच नाही. नुसता शुकशुकाट, आणि बऱ्याच वेळाने 'वेळ संपला'. अशा वेळी आधी फायरवॉल पाहावी. एनएफएस २०४९ क्रमांकाच्या पोर्टवर बोलतं, एसएमबी ४४५ वर. क्लाउडवर ते दार मुद्दाम उघडावं लागतं, आणि उघडताना फक्त आपल्या कंटेनरांच्या यंत्रांनाच उघडावं. ४४५ तर अनेक इंटरनेट कंपन्या घरगुती जोडणीवर बंदच ठेवतात. म्हणून अझ्युअरवरची कोठी ऑफिसातून जोडली जाते आणि घरून जोडली जात नाही.

चालू कोठी मध्येच गप्प झाली तर? एनएफएसची नेहमीची रीत वाट पाहण्याची आहे. प्रोग्रॅम थिजतो, कोठी परतली की जिथे होता तिथून पुढे जातो. काही वेळाने हार मानून चूक कळवणारी 'सॉफ्ट' रीतही निवडता येते, पण लिहिता लिहिता हार मानली तर फाइल अर्धवट राहते. चित्रांच्या कोठीला मी वाट पाहण्याचीच रीत ठेवतो.

९. अर्ज रद्द केला तर

संपादकबाईंची साइट आता तीन कंटेनरांवर चालते, चित्रं एका कोठीत आहेत आणि कंटेनर पडला तरी त्यांना कळत नाही. पण कोठी सामाईक आहे, ती बॅकअप नाही. एका कंटेनरमधून पुसलेलं चित्र तिन्हींतून जातं, त्यामुळे रोजची प्रत वेगळ्या ठिकाणी पडलीच पाहिजे.

आणि अर्जाच्या मागे एक शब्द असतो, तो कुणी वाचत नाही. अर्ज काढून टाकला तर जागेचं काय करायचं, याला रिक्लेम पॉलिसी म्हणतात. कुबरनेटीसने स्वतः मागवलेल्या जागेसाठी, वेगळं काही सांगितलं नसेल तर, तिथे 'डिलीट' असतं. म्हणजे आवराआवर करताना कोणी तो छोटासा अर्ज काढला, की त्यामागची साठवणही बहुतेकदा त्याच्याबरोबर जाते. 'रिटेन' असेल तर जागा तशीच राहते. तुमच्या हातात कुबरनेटीसचा एखादा क्लस्टर, म्हणजे यंत्रांचा ताफा, असेल, तर हा लेख बाजूला ठेवण्याआधी तिथे कोणता शब्द आहे तेवढं पाहून या.